तारेवरचं तोरण

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी एक धडा येतो, पायाभूत सुविधा आणि आर्थिक वाढ. त्यात रस्ते येतात, वीज येते, आणि अलीकडच्या पुस्तकांत ब्रॉडबँडही येतं. पुस्तक म्हणतं, गावात इंटरनेट पोचलं की रोजगार वाढतो, उत्पन्न वाढतं, माणसं गाव सोडून जात नाहीत. पोरं ते वाक्य वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसंच्या तसं ओकतात. मला दरवर्षी त्या वाक्याचा राग येतो. खोटं आहे म्हणून नाही, खरंच आहे ते. पण ते खरं होताना मी माझ्या माहेरी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात एक म्हातारा माणूस होता आणि त्याच्या हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार होती, आणि हे पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही.

माझं माहेर अल्लीपूरच्या पुढं. मी राहते वर्ध्याला लागून, सिंदी मेघेत, तिथून एसटी बदलून जावं लागतं. कापूस, तूर, सोयाबीन, आणि उरलेल्या वेळात एकमेकांच्या घरच्या चौकशा, असं गाव. आमचं घर आखराच्या तोंडाशीच आहे. आखर म्हणजे गावाच्या कडेची मोकळी जागा. सकाळी गुरं तिथं गोळा होतात आणि पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या तिथंच रांगेनं उभ्या राहतात. आमचं घर आणि रस्त्यापलीकडचा कडुनिंब, या दोघांच्या मधे पोळ्याचं तोरण बांधतात. अंबाडीच्या दोरावर आंब्याची पानं. ते बांधायचा मान आमच्या घराचा. सगळ्या जोड्या जमल्या, झडत्यांची कवनं म्हणून झाली, की मानाची जोडी तोरणाखाली येते आणि लोक तोरण ओढून तोडतात. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग बैल ओवाळून घ्यायला घरोघरी सुटतात. ज्याच्या हाताला तोरणाचं पान लागतं तो ते घरी नेऊन धान्यात ठेवतो.

एका पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी माझा धाकटा भाऊ तापानं गेला. दवाखान्यात नेईपर्यंत बोलत होता. आई आधीच गेली होती. घरात उरले बाबा, माझी भावजय आणि तिची लहान मुलगी, माझी भाची. बाबांनी बैल विकले, कारण गोठ्यात जाऊन त्यांच्याकडं बघवत नव्हतं. शेत शेजाऱ्याला मक्त्यानं दिलं. तेरवी झाली आणि भावजयीचा मोठा भाऊ हिंगणघाटहून गाडी घेऊन आला. माणूस वाईट नाही. हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, मागं दोन खोल्या रिकाम्या आहेत. तो म्हणाला, "इथं काय ठेवलं आता? चाल माह्यासंगं. पोरीची शाळा हिंगणघाटले पाहू."

भावजय म्हणाली, "दादा, या पोळ्यापासून पुढच्या पोळ्यापर्यंत थांब. पुढच्या पोळ्याले सांगीन."

तो गेल्यावर ती माझ्याजवळ बसली. "ताई, दादाच्या घरी मले कोनी उपाशी नाई ठेवनार. पन तिथं मी पाव्हनीच राहीन. पोरगी मामाच्या घरी वाढलेली म्हनून मोठी होईन. मले तिले याच घरातून मोठी करायची हाये." तिनं रडून सांगितलं नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. डी.एड. झालेली पोरगी. भरती निघायची वाट पाहता पाहता लग्न झालं, मूल झालं, नवरा गेला, भरती काही तिच्यापर्यंत पोचली नाही.

बाबांना काय वाटत होतं ते कळायला मार्ग नव्हता. आमच्याकडं सासरा सुनेशी थेट बोलत नाही. सून सासऱ्याला मामाजी म्हणते, पण तेही त्याच्यामागं. त्याच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. मधला दुवा आधी आई होती, मग भाऊ झाला, आणि तो गेल्यावर ते काम नातीकडं आलं. "सांग तुह्या आईले, मी अल्लीपूरले जाऊन राह्यलो." भाची वळून सांगायची, "आई, आबा अल्लीपूरले जाऊन राह्यले." भावजय दोन हातांवर उभी असायची आणि सगळं ऐकलेलं असायचं, तरी पोरीनं सांगितल्यावरच मान हलवायची. मला या प्रकाराची चीड यायची. एका छपराखाली राहणारी दोन दुःखी माणसं, आणि मधे शाळकरी पोरगी निरोप्या.

आता इंटरनेटचं. कागदावर ते आमच्या गावात केव्हाच आलेलं होतं. सरकारनं रस्त्याच्या कडेनं नाली खणली, जाड नळी पुरली, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर एक डबा बसवला. डब्याला हार घातला, फोटो काढला, पेढे वाटले. मग कार्यालयाला कुलूप लागलं. ग्रामसेवकाकडं आणखी गावं होती, तो यायचा तेव्हा यायचा आणि किल्ली त्याच्या खिशात. तो आला की डब्याच्या जोरावर स्वतःचं काम पटापट उरकायचा आणि जाताना पुन्हा कुलूप. खिडकीच्या गजांतून बघितलं की आत हिरवा दिवा लुकलुकताना दिसायचा. गावातली पोरं जाता-येता त्याला रामराम करायची. आमचं गाव जोडलेल्या गावांमधे मोजलं गेलं असणार, म्हणजे मी वर्गात फळ्यावर जी वाढ काढून दाखवते तिच्यात तो दिवाही आला.

खरी तार आणली ती अल्लीपूरच्या केबलवाल्यानं. तो आधी टीव्हीची केबल द्यायचा, आता इंटरनेट देऊ लागला होता. काळी, बारीक, आत काचेचा धागा असलेली तार तो विजेच्या खांबांवरून ओढत आणत होता. आखराशी येऊन अडला, कारण रस्ता ओलांडायला अलीकडं खांब नव्हता. पलीकडं निंब होता. अलीकडं आमच्या गच्चीवर लोखंडी पाइप उभा करता आला तर काम होणार होतं. तो बाबांना विचारायला आला. बाबा नातीला म्हणाले, "विचार तुह्या आईले, तिले पाह्यजे का?"

भावजय दारामागंच होती. "सांग आबाले, पाह्यजे."

"आबा, आई म्हनते पाह्यजे."

बाबांनी केबलवाल्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "लाव." घरात टीव्हीसुद्धा नको म्हणणारा माणूस! मी चाटच पडले.

पुण्याची एक संस्था परदेशातल्या मराठी घरांतल्या मुलांना इंटरनेटवरून मराठी शिकवते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मला त्याबद्दल सांगितलं, मी भावजयीला सांगितलं आणि माझा जुना लॅपटॉप तिच्या हवाली केला. सुरुवातीला कुणी शिक्षिका सुटीवर गेली की तिचा तास हिला मिळायचा. मस्कतमधली पोरं, जर्मनीतली पोरं. भावजय समोरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची आणि एरवी "काऊन रे" म्हणणारी बाई तिथं "का बरं बाळा?" म्हणायची. बाबा बाहेर ओट्यावर बसून ऐकायचे. ऐकतात असं दाखवायचे नाहीत, पण तास सुरू झाला की त्यांची बिडी विझायची आणि ती पुन्हा पेटवायचं त्यांना सुचायचं नाही. हळूहळू घरातला किराणा तिच्या कमाईचा येऊ लागला. दळणाचा डबा भरलेला असायचा. भाचीला नवं दप्तर आलं. तेव्हा मला माझ्या पुस्तकातलं वाक्य पहिल्यांदा थोडं आपलं वाटलं.

मग संस्थेनं कळवलं की कायमचा वर्ग द्यायचा विचार आहे, पण त्याआधी चाचणीचा एक तास होईल आणि दोन जाणती माणसं तो बघतील. तास जमला तर वर्ग तिचा, नाही तर पुन्हा सुटीतली बदली शिक्षिका. आणि तारीख कुठली आली? पोळ्याची संध्याकाळ. तिनं बदलून मागितली, पण त्या माणसांना दुसरा दिवस जमेना. ती मला फोनवर म्हणाली, "जाऊ द्या ताई. पोळ्याच्या दिवशी पोळाच शिकवतो की! याच्याहून सोपं काय?" असं म्हणून हसली. त्याच पोळ्याला तिचा भाऊ उत्तर मागायला येणार होता. वर्ग मिळाला तर ती घरात राहणार होती. नाही मिळाला तर राहायचं कशाच्या जोरावर, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी माहेरी पोचले. त्या संध्याकाळी खांदशेक असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. आमचा गोठा रिकामा. तरी बाबांनी सुनेकडून हळद-लोण्याची वाटी मागवून घेतली, अर्थात नातीमार्फत. मला वाटलं, शेजाऱ्याच्या जोडीला लावायला गेले असतील. सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर लोखंडी पाइपाला छातीएवढ्या उंचीवर पिवळं बोट फिरवलेलं होतं. नीट, जपून, जखमेवर लावावं तसं. ते पुसलं जाऊ नये म्हणून कपडे मी दुसऱ्या टोकाला वाळत घातले.

पोळ्याच्या दिवशी भावजय आणि मी पुरणात गुंतलेल्या. दुपारी ओट्यावर आले आणि वर बघितलं तर आंब्याच्या पानांचं तोरण थेट त्या काळ्या तारेवर बांधलेलं. तार नेमकी तोरणाच्याच जागेवरून जाते, आमच्या गच्चीपासून निंबापर्यंत. बाबांनी दोन तरण्या माणसांना वर चढवून सुतळीनं एकेक पानाची जुडी तारेला लावून घेतली होती.

"बाबा, तारेवर काऊन बांधलं? दोर कुठं हाये?" मी विचारलं.

"अवंदा आपल्या घरी बैल नाई," बाबा म्हणाले. "पोळ्याले मान कोनाचा असते? जो घर चालवते त्याचा. आता हे घर चालवते." आणि वर बोट केलं.

भावजय माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं वर बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. बोट तारेकडं होतं, पण मान कुणाला दिला होता हे तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. नवरा गेल्यापासून त्या घरात तिला कुणी असं काही दिलं नव्हतं. आता ते तोरण काढा म्हणायची कुणाची छाती होती? बाबांचा हिशेब साधा होता. पानं सुतळीवर आहेत, लोक पानं ओढतील, सुतळी तुटेल, तार राहील. आम्हा सगळ्यांनाच तो पटला.

चार वाजल्यानंतर आखर भरला. जोड्या आता पूर्वीइतक्या नसतात, ट्रॅक्टरांनी त्यांची जागा घेतली आहे. पण ज्या होत्या त्या झुली घालून, शिंगांना रंग देऊन, बाशिंगं बांधून उभ्या होत्या. डफडं वाजत होतं. मग झडत्या सुरू झाल्या. झडत्या म्हणजे पोळ्यात ओरडून म्हणायची टोमण्यांची कवनं, त्यात सरपंचापासून जावयापर्यंत कुणाची गय नसते. गावातला एक शीघ्रकवी बैलाच्या पाठीवर हात ठेवून पुढं आला आणि वर बघत म्हणाला,

"गोठा पडला खाली, बैल गेले बजारी,
म्हाताऱ्याच्या गच्चीवर तार बसली शेजारी.
तार खाये ना कडबा, तार पेये ना पानी,
सांगा बाप्पा, तिले ओवाळावं कोनी?"

महादेवाचा गजर झाला. आखर हसला, बाबासुद्धा हसले. भाऊ गेल्यानंतर मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

मानाची जोडी तोरणाखाली आली आणि लोक तोरणावर तुटून पडले. पण ते पानं ओढायला थांबलेच नाहीत. वर्षानुवर्षं ज्या हातांना दोर ओढायची सवय आहे ते हात दोरालाच जातात. कुणीतरी वेळूची आकडी तारेला घातली, दहा-बारा जणांनी खाली ओढली, आणि ती लवकर तुटेना म्हणून सगळ्यांना आणखीच जोर चढला. गच्चीवरचा पाइप वाकला. मग तार पाइपाजवळून तुटली आणि पानांसकट रस्त्यावर पडली. पोळा फुटला. गुलाल उडाला, बैल सुटले, लोक पानं वेचायला धावले. त्या आरोळ्यांमधे काय झालं ते आमच्या घराखेरीज कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

भावजय खोलीत गेली, लॅपटॉप उघडून बघितला आणि परत आली. तासाला थोडाच वेळ उरला होता. मोबाईलचं नेटवर्क आमच्याकडं एरवीच रडतं, आणि त्या दिवशी तर सगळा गाव बैलांचे व्हिडिओ नातेवाइकांना पाठवत होता. मी केबलवाल्याला फोन लावला, लागेना. ग्रामसेवकाला लावला, लागेना. तिचा भाऊ दुपारीच येऊन ओट्यावर बसला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "पाह्य, याच्याचसाठी म्हनत होतो मी. अशा एका तारेच्या भरवशावर घर चालते का?" तो चुकीचं बोलत नव्हता. मला त्याचा राग आला तो त्यामुळंच.

बाबा रस्त्यावर पडलेल्या तारेजवळ उभे होते. त्यांनी वाकून तिचं टोक हातात घेतलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मुलाला अग्नी दिला तेव्हाही ते ताठ उभे होते. मग ते टोक तसंच खाली ठेवून ते घरात आले, माझ्याजवळून गोठ्यात गेले, आणि बाहेर आले तेव्हा हातात सब्बल होती. ते भावजयीसमोर येऊन थांबले. नात बाजूलाच उभी होती, पण त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

"तुले जायाचंच असन त जाजो, बाई," ते म्हणाले. "पन माह्या हातानं नोको."

इतक्या वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले. डोक्यावरचा पदर सावरायचंही तिला सुचलं नाही. ती म्हणाली, "मामाजी..." "ते घे," बाबांनी लॅपटॉपकडं मान केली आणि आखराकडं चालू लागले. ती त्यांच्यामागं निघाली, मी तिच्यामागं.

ग्रामपंचायतीचं कार्यालय आखराच्या पलीकडच्या कडेला आहे. बाबांनी सब्बल कुलपाच्या कडीत घातली तसे लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "बुवा, सरकारी कुलूप हाये, गुन्हा होते." बाबा म्हणाले, "मले उद्या पोलिसात घेऊन जाजा. आज बाजूले व्हा." त्यांच्या हातात पूर्वीचा जोर नव्हता. सब्बल दोनदा निसटली. सरपंचबाई हातातलं आरतीचं ताट घेऊन तशाच धावत आल्या. मला वाटलं, आता थांबवतील. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तोडा, बाप्पा. काय होईन ते पाहू." मग भावजयीचा भाऊ पुढं झाला. हार्डवेअरवाला माणूस, कुलपाची नस त्याला माहीत. त्यानं बाबांच्या हातावर हात ठेवून सब्बल जरा तिरपी केली, दोघांनी मिळून दाब दिला, आणि कडी निघाली.

आत धूळ होती, खुर्च्यांवर जुने बॅनर पडले होते, आणि भिंतीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. पासवर्ड डब्याच्याच पोटाला चिकटवलेला होता! कुलपात ठेवलेल्या डब्याला पासवर्ड कशाला लागतो, हे त्या ग्रामसेवकालाच ठाऊक. भावजयीनं पदराच्या टोकानं टेबल पुसलं, लॅपटॉप ठेवला, केस सारखे केले. पडद्यावर एकेक चेहरा उमटू लागला. मी तिच्या पाठीमागच्या भिंतीशी सरकून उभी राहिले.

"मुलांनो, आज पोळा आहे," ती म्हणाली. "आणि पोळा माझ्या खिडकीबाहेरच आहे." शेजारी, ज्याच्याकडं आमचं शेत आहे, आपली जोडी घेऊन ओवाळायला निघाला होता. तिनं त्याला खुणेनं बोलावलं. त्यानं बैल गजांशी आणून उभा केला आणि लॅपटॉप खिडकीकडं वळल्यावर मस्कत-जर्मनीतल्या पोरांनी एकदम किंकाळी फोडली. मग तिनं झूल सांगितली, खांदशेक सांगितली, हळद का लावतात ते सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमच्याकडं बैल आहेत का?" ती म्हणाली, "होते. आता आम्ही दुसऱ्यांच्या बैलांना ओवाळतो." दारात बाबा तुटलेलं कुलूप हातात घेऊन उभे होते. तास संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

वर्ग तिला मिळाला. ते नंतर कळलं, पण तिच्या भावाला त्याच संध्याकाळी कळलं असावं. तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "दादा, पोळ्याले सांगीन म्हनलं होतं न." तो म्हणाला, "सांगू नोको. समजलं." रस्त्यात पडलेलं तोरणाचं एक पान त्यानं उचलून खिशात ठेवलं आणि गाडी सुरू केली.

ग्रामसेवक आला तेव्हा त्यानं आकाशपाताळ एक केलं. बाबांनी अल्लीपूरच्या बाजारातून नवं कुलूप आणलं आणि दोन्ही किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. "एक तुमची, एक गावाची." गावाची किल्ली सरपंचबाईंनी भावजयीकडं दिली. तेव्हापासून दुपारी ते कार्यालय उघडं असतं. तिथं बसून एक मुलगी हिशेबाचं काम शिकली आणि आता वर्ध्याच्या एका दुकानाचं काम घरून करते. दोन-तीन बायका आपलं तिखट-हळद तिथूनच फोटो काढून विकतात. आणि तिथल्याच ओट्यावर काही पोरं दिवसभर मोबाईल घेऊन पडलेली असतात, त्यातल्या एकानं पैशांच्या खेळात बापाचा कापूस घालवला. हेही मी वर्गात सांगते. पुस्तकातल्या वाढीत दोन्ही येतात, आणि पोरांना ते लिहून घ्यायचा कंटाळा येतो.

केबलवाल्यानं नवी तार ओढून दिली आणि भावजयीचा तास पुन्हा घरी सुरू झाला. त्या हिवाळ्यात बाबांनी अंबाडी मागवली, भिजवली, सोलली आणि दोर वळायला घेतला. बाजारात नायलॉनचा दोर मिळतो म्हटलं तर माझ्यावरच खेकसले. हात थरथरायचे, पीळ सैल पडायचा, मग उकलून पुन्हा वळायचे. भावजयीचा तास सुरू असताना तिच्या दाराशीच बसायचे. तास संपला की कधी कधी आतून आवाज यायचा, "मामाजी, च्या ठेवू का?" आणि ते म्हणायचे, "ठेव." भाचीला आता निरोपाचं काम उरलं नव्हतं. ती आपली खेळायला जायची.

चैत्रात बाबा गेले. झोपेतच गेले. दोर पुरा झाला होता आणि गोठ्याच्या खुंटीला टांगलेला होता.

पोळा जवळ आला तेव्हा मी माहेरी गेले होते. गावातली वडीलधारी मंडळी ओट्यावर येऊन बसली. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं, मग विषय निघाला. तोरणाचा मान या घराचा, पण घरात पुरुष नाही. चुलत घराकडं मान द्यावा, की माझ्या मुलाला पुण्याहून बोलवावं? ते मला विचारत होते. भावजय दारात उभी होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. मला संताप आला. मी काही बोलणार, तेवढ्यात ती गोठ्यात गेली आणि दोर घेऊन आली.

"हा मामाजीनं वळून ठेवला," ती म्हणाली. "तारेच्या दोन हात खाली बांधजो म्हनून सांगून गेले."

"कोनाले सांगितलं?" एकानं विचारलं.

"मले."

त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा उठला, दोराचा पीळ हातानं चाचपून पाहिला आणि म्हणाला, "बांध मंग."

तिनं गच्चीवर जाऊन वाकलेल्या पाइपाजवळच्या कड्याला स्वतः गाठ मारली. शेजाऱ्यानं निंबावर चढून दुसरं टोक बांधलं. वर नवी तार होती, खाली बाबांचा दोर, आणि दोरावर पानं. झडत्या झाल्या, मानाची जोडी आली, लोकांनी आकडी घालून ओढलं. दोर चिवट होता, लवकर तुटेना. भावजय खाली गर्दीत उभी राहून बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेवटी दोर तुटला. तिनं एक पान उचललं, ते धान्याच्या कोठीत ठेवलं, तोंड धुतलं आणि तासाला बसली.